रूळ मोजणाऱ्याची मोजणी

(यवतमाळ येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



यवतमाळात रेल्वेवर बोलायला उभं राहणं जोखमीचं काम आहे. या गावाने रेल्वेवरची भाषणं फार ऐकली. मोर्च्यातली ऐकली, निवडणुकीतली ऐकली, भूमिपूजनाची ऐकली. आणि ऐकून झाल्यावर गाडी पकडायला धामणगावची वाट धरली. मी त्यांत भर घालणार नाही. मला बोलायचं आहे ते रूळ टाकून झाल्यानंतरच्या गोष्टीवर. टाकलेले रूळ पहिल्या गाडीपासून जागा सोडायला लागतात. किती सोडली हे कोण मोजतं, कशाने मोजतं, आणि मोजणारा स्वतः बरोबर आहे याची हमी कोण देतं, एवढाच आजचा विषय. संयोजकांनी पत्रिकेवर ‘लेसर’ हा शब्द ठळक छापला आहे. तो येईल, पण जरा उशिरा येईल.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांची हयात गणित शिकवण्यात गेली. तेव्हा अधूनमधून चार आकडे मांडले तर रागावू नका.

‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीला वळसा घालून या जिल्ह्यात रुळांची गोष्ट सुरू करता येत नाही. किलिक-निक्सन या इंग्रजी कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर नेऊन टाकायचा, तिथून तो मुंबईला आणि पुढे विलायतेला, हा हिशेब. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर. वाटेत लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा. मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेलं इंजिन 1923 पासून या मार्गावर धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला निवृत्त झालं, मग डिझेल आलं. त्या इंजिनाचं कौतुक आपण पोटभर केलं. त्याच्याखालच्या रुळांचं कौतुक सोडा, चौकशीही कोणी केली नाही.

शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजचं 1676. आता समजा एका ठिकाणी डावा रूळ उजव्यापेक्षा 10 मिलिमीटरने खाली बसला. ब्रॉडगेजवर डबा जितका कलेल त्याच्या दुपटीहून जास्त तो शकुंतलेवर कलणार, कारण पायाच अरुंद. म्हणजे छोट्या गाडीला मोजमापाची गरज मोठ्या गाडीपेक्षा जास्त होती, आणि तिच्या वाट्याला ते कमीच आलं. त्यात रूळ एका खाजगी कंपनीचे आणि गाडी चालवणार रेल्वे. अशा व्यवस्थेत मोजणीची वही कोणाच्या टेबलावर असायला हवी? हा प्रश्न शकुंतलेच्या आठवणींच्या गर्दीत कधी विचारलाच जात नाही. दुरुस्ती मागे पडली की रेल्वेकडे एकच सोपा उपाय उरतो, वेग कमी करणे. शकुंतला हळू चालायची म्हणून आपण तिच्यावर प्रेम केलं. ती हळू का चालायची ते रुळांना विचारायला हवं होतं.

आता नवा मार्ग. वर्धा ते नांदेड, यवतमाळवरून, 284 किलोमीटर. देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड. त्यातला वर्धा ते कळंब हा सुमारे 39 किलोमीटरचा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला आणि चिंतामणीच्या कळंबला ब्रॉडगेजची गाडी आली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वणीला ती आधीपासून आहे, पण तिथली खरी प्रवासी कोळशाची वाघीण. भरलेल्या वाघिणीच्या एकेका आसावर जवळपास 23 टन वजन असतं. ते वजन रूळ, स्लीपर, खडी आणि खालची माती या क्रमाने उतरत जातं, आणि शेवटी जे काही व्हायचं ते मातीत होतं.

या जिल्ह्यातली माती काय करते हे मी तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये वावरात भेगा पडतात, त्यात हात जातो. मृग बरसला की तीच जमीन फुगून भेगा मिटवते. पऱ्हाटीला ती मानवते, घराच्या पायाला मानवत नाही, आणि रेल्वेच्या भरावाला तर मुळीच नाही. काळ्या मातीतली चिकणमातीची खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. भराव सगळीकडे सारखा फुगला असता तर बिघडलं नसतं. अख्खा मार्ग उचलला गेला असता आणि गाडीला पत्ताही लागला नसता. पण नाल्याकडच्या बाजूला ओल जास्त, उन्हाकडच्या बाजूला कमी, मोरीच्या काँक्रीटपाशी तर काहीच हालचाल नाही आणि तिथून दोन मीटरवर भरपूर. म्हणून इंजिनिअर लोक काळी माती काढून टाकतात, वर मुरमाचा आणि निवडक खडीमातीचा थर देतात, पाणी बाहेर काढायला गटारं करतात. याने हालचाल कमी होते, थांबत नाही.

तर रुळांचं काय काय बिघडतं? पुस्तकात पाच गोष्टी दिलेल्या असतात. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज. एक रूळ दुसऱ्यापेक्षा किती वर, ती आडवी पातळी. प्रत्येक रुळाचा लांबीच्या दिशेने चढउतार. त्याचं डावी-उजवीकडे वाकणं. या चार समजायला सोप्या आहेत, मी त्यांत वेळ घालवत नाही. पाचवी मात्र नीट बघू, कारण गाडी रुळावरून उतरते तेव्हा पुष्कळदा तिच्याकडेच बोट जातं. तिला रूळ दुरुस्त करणारे गँगवाले ट्विस्ट म्हणतात, आपण पीळ म्हणू.

बाज सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि जमीन एका कोपऱ्यात दबलेली असली की चौथा पाय हवेत राहतो. त्यावर कोणी बसलं की बाज डुगडुगते. वाघिणीची बोगी अशीच चार चाकांची. समजा या जागी डावा रूळ 4 मिलिमीटर वर आहे आणि 3.6 मीटर पुढे उजवा 4 मिलिमीटर वर आहे. दोन्ही जागी स्वतंत्रपणे मोजलं तर 4 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, कोणीही सही करून पुढे जाईल. पण या 3.6 मीटरच्या अंतरात रुळांचा पृष्ठभाग 8 मिलिमीटरने पिळला गेला आहे. त्यावर बोगी आली की एका चाकावरचं वजन उतरतं. वजन उतरलेल्या चाकाला वळणावर बाजूने रेटा बसला की त्याची कड रुळाच्या कडेने वर चढू शकते. रूळ तुटत नाही, चाक तुटत नाही, आणि तरी गाडी खाली. म्हणून मी म्हणतो, रुळांचं दुखणं एका बिंदूत सापडत नाही. दोन बिंदूंच्या नात्यात सापडतं.

हे सगळं हाताने मोजायची रीत जुनी आहे आणि अजून चालू आहे. गेज आणि पातळी एकत्र मोजणारी पट्टी रुळांवर आडवी ठेवायची, अंतर बघायचं, नळीतल्या बुडबुड्याने पातळी बघायची. वळणाची तपासणी दोरीने. 20 मीटरची दोरी वळणाच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला ताणून धरायची आणि मधोमध दोरी आणि रूळ यांत किती जागा राहते ते पट्टीने मोजायचं. तिला वर्साइन म्हणतात. वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये घेतली तर 50,000 भागिले त्रिज्या, इतके मिलिमीटर. रेल्वेच्या भाषेत एक अंशाचं वळण म्हणजे 1750 मीटर त्रिज्या. त्याला वर्साइन येते साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर. दर दहा मीटरवर असं मोजत जायचं. एका जागी 28, पुढे 29, मग अचानक 41 आणि लगेच 17 आले, की तिथे वळण मोडलं आहे. गाडीत उभे असताना वळणावर एकदम कडीला हात जातो ना, ते बहुधा असं ठिकाण असतं.

दोरीची ही रीत मला फार आवडते, कारण ती कोणालाही शिकवता येते. पण तिच्यात एक खोड आहे आणि ती दोरीच्या लांबीतच आहे. समजा रूळ लाटेसारखा डावी-उजवीकडे वाकला आहे. लाटेची लांबी दोरीइतकीच असेल, तर मधला बिंदू लाटेच्या माथ्यावर येतो तेव्हा दोरीची दोन्ही टोकं लाटेच्या तळाशी येतात, आणि खऱ्या वाकण्याच्या दुप्पट माप दिसतं. लाट दोरीच्या निम्मी असेल, तर मध्य आणि दोन्ही टोकं एकाच वेळी माथ्यावर, आणि माप येतं शून्य. रूळ नागमोडी आहे आणि वहीत लिहिलं आहे ‘सरळ’! मोजणारा प्रामाणिक, दोरी ताणलेली, पट्टी चांगली. साधनाचा आकारच काही दोषांना आंधळा असतो. रूळ मोजत धावणाऱ्या मोजणी गाडीतली यंत्रं चढउतारासाठी 3.6 मीटरची आणि वळणासाठी 7.2 मीटरची जीवा, म्हणजे दोरीसारखीच मोजरेषा, वापरत. त्यांनाही हेच लागू. आज जी यंत्रं आहेत ती हा आंधळेपणा टाळायला दुसऱ्या वाटेने जातात, ते पुढे येईल.

हाताच्या मोजणीची दुसरी उणीव जास्त गंभीर. ती रिकाम्या रुळांवर होते. स्लीपरखाली पोकळी असली तर स्लीपर रुळाला लटकून राहतो, वरून सगळं सपाट दिसतं. गाडी आली की स्लीपर खाली जाऊन बसतो, गेली की परत वर. पट्टी लावणाऱ्याला हे दिसणं शक्य नाही. अनुभवी मुकादम खडीचा पांढरा पडलेला रंग बघून ओळखतो, कारण तिथली खडी घासून तिचं पीठ झालेलं असतं. पण दर किलोमीटरला असा मुकादम कुठून आणणार?

म्हणून रूळ गाडीच्या वजनाखाली मोजायचे, गाडी चालत असताना मोजायचे. आधी रुळाला टेकलेली चाकं-चमचे आणि कागदावर चालणारी लेखणी होती. मग रुळाला न टेकणारी यंत्रं आली. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या मोजणी गाड्या देशभर फिरतात. आता त्यांत लेसर, वेगवान कॅमेरे आणि हालचालमापक एकत्र बसवलेले असतात. या गाडीने दिलेले आकडे दर 200 मीटरच्या तुकड्यासाठी सांख्यिकीने आवळतात. रेल्वेने अनेक वर्षं त्यांतून एक निर्देशांक काढला: चढउताराचा अंक दुप्पट, पिळाचा एकपट, गेजचा एकपट, आणि वळण-सरळपणाचा सहापट, बेरीज करून दहाने भागा. 80 च्या वर आला तर हात लावायची गरज नाही, 36 च्या खाली गेला तर ताबडतोब दुरुस्ती. सहापट बघून चमकलात? बाजूचे धक्के प्रवाशाला आणि गाडीला सगळ्यांत जास्त बाधतात, म्हणून. उदाहरण घ्या. चढउतार 70, पीळ 80, गेज 90, सरळपणा 40. बेरीज 550, निर्देशांक 55. तीन विषयांत पहिला वर्ग आणि एकात नापास, तरी एकूण बरा. सरांच्या शाळेत असं प्रगतिपुस्तक आलं असतं तर त्यांनी पालकांना बोलावलं असतं. सरासरीचा हा धोका आहे: 200 मीटरमध्ये एका जागी खोल खड्डा आणि बाकी आरसा, तर सरासरी छान येते आणि गाडी मात्र त्या एकाच खड्ड्यातून जाणार असते. त्यामुळे एकेकटे मोठे दोष वेगळे काढून त्यांची यादी द्यावी लागते, आणि ती यादी सरासरीच्या आधी वाचली पाहिजे असं माझं मत आहे.

आता लेसर. गाडीच्या तळाशी, रुळाच्या वर एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. ते रुळावर आडवी प्रकाशरेषा टाकतं. रुळाच्या माथ्यावर आणि कडेवर ती रेषा रुळाच्या आकाराप्रमाणे वळते. शेजारी कोन करून बसवलेला कॅमेरा ती वळलेली रेषा बघतो. लेसर, कॅमेरा आणि रुळावरचा ठिपका यांचा त्रिकोण होतो. त्याची एक बाजू आणि कोन माहीत असले की ठिपका किती दूर आहे ते निघतं. नदी न ओलांडता तिची रुंदी काढायचं गणित आठवीत केलं होतं, तेच हे. रुळाचा संपूर्ण छेद मिळाला की माथ्यापासून सुमारे 14 मिलिमीटर खाली, जिथे चाकाची कड रुळाला भिडते, तो बिंदू संगणक शोधतो. दुसऱ्या रुळावर तसाच बिंदू. दोन्हींतलं अंतर म्हणजे गेज. चढउतार आणि वळण यांसाठी गाडीला बसलेले धक्के मोजून त्यांतून गाडीची वाट काढतात आणि लेसरचं अंतर त्यात मिळवतात. दोरीचा आंधळेपणा इथे टळतो. त्याबदल्यात एक नवी अट येते. गाडी फार हळू चालली तर धक्के इतके बारीक होतात की यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातात. शकुंतलेच्या चालीने हे यंत्र चाललंच नसतं.

दाखवायला आणलेलं यंत्र बघून लोकांना वाटतं, प्रकाश आहे, त्यात चूक कशी होईल? प्रकाश चुकत नाही हे कबूल. पण तो ज्या पट्टीला बांधला आहे ती पट्टी विदर्भात आहे. डाव्या-उजव्या रुळावरचे दोन लेसर दीड मीटरच्या आडव्या दांडीला लावलेले असतात. दांडी ॲल्युमिनियमची असली आणि सकाळच्या 20 अंशांपासून दुपारच्या 45 अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे 0.86 मिलिमीटरने लांबते. पोलादाची असली तर 0.43. गेज एक मिलिमीटरच्या आत मोजायचं ठरलं असताना निम्मी-पाऊण चूक उन्हानेच खाल्ली. रूळ तसाच आहे, गेज कमी झाल्याचा आकडा आला. उद्या थंडीच्या रात्री तोच रूळ ‘पसरलेला’ दिसेल. म्हणून दांडीला तापमापक लावावे लागतात आणि हिशेबात ती लांबी मिळवावी लागते. शिवाय चकचकीत झालेला माथा प्रकाश आरशासारखा दुसरीकडे फेकतो, गंजलेली कड तो पसरवते. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसते. भर उन्हात लेसरची रेषा पुसट होते, म्हणून कॅमेऱ्यासमोर फक्त त्या एका रंगाला वाट देणारी गाळणी लागते.

अंतराचं तसंच. दोष कुठे आहे हे गाडीचं चाक किती फिरलं यावरून ठरतं. चाकाचा व्यास 915 मिलिमीटर धरला आहे आणि घासून 910 झाला आहे, तर वर्धा ते कळंब एवढ्या 39 किलोमीटरमध्ये चूक होते सुमारे 214 मीटरची. अहवालात लिहिलेल्या जागी गँग जाते, पट्टी लावते, काही सापडत नाही, परत येते. असं दोन-तीनदा झालं की गँग अहवालाला मान डोलावते आणि आपल्या अंदाजाने काम करते. मी तिला दोष देत नाही. यंत्रावरचा विश्वास असा जातो आणि तो परत आणायला फार वेळ लागतो. उपग्रहाची स्थिती आणि किलोमीटरचे दगड यांच्याशी ताळा घेऊन ही चूक दुरुस्त करता येते, पण ताळा कोणी तरी घ्यावा लागतो.

म्हणजे लेसरलाही मोजावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. 1676 मिलिमीटरला दोन ठोकळे पक्के बसवलेला एक साचा असतो. तो यंत्राखाली ठेवायचा आणि यंत्र काय म्हणतं ते बघायचं. मग ठोकळे 10 मिलिमीटर आत, 10 बाहेर, 20 बाहेर. नुसत्या एका मापावर यंत्र बरोबर आलं म्हणजे सगळीकडे बरोबर, असं नसतं. प्रत्येक वेळी तोच तोच आकडा येणं ही वेगळी गोष्ट, आणि तो खरा असणं वेगळी. रोज दहा मिनिटं पुढे असणारं घड्याळही अगदी नियमित असतं. साचा खरा कशावरून? तो प्रमाणित प्रयोगशाळेत तपासलेला. ती प्रयोगशाळा कशावरून? तिची मापं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जोडलेली. आणि तिचं मीटर? 1983 पासून मीटरची व्याख्या अशी आहे: प्रकाश एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जितकं जातो तितकं अंतर. प्रयोगशाळेत ते प्रत्यक्षात आणायला पुन्हा एक लेसरच लागतो. साखळीच्या दोन्ही टोकांना लेसर आहे, मधल्या कड्या माणसांच्या.

पातळी तपासायची एक युक्ती मात्र प्रयोगशाळेशिवाय जमते. पट्टी रुळांवर ठेवली, 5 आले. जागा न बदलता पट्टी उलटी फिरवून ठेवली, उणे 1 आले. दोन्हींतला फरक 6, त्याचा निम्मा 3 हा रुळाचा खरा कल. आणि दोन्हींची बेरीज 4, तिचा निम्मा 2, हा पट्टीचा दोष. गवंडी पातळीनळी उलटी करून बघतो ते हेच. कोणताही ट्रॅकमन हे पाच मिनिटांत करू शकतो, आणि माझ्या नोकरीच्या दिवसांत मी जिथे जिथे हे करून बघितलं तिथे पेटीतल्या पट्ट्यांमध्ये दोन-तीन तरी खोट्या निघाल्या.

शेतकऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही. जुन्या मोजणीची शंकूसाखळी 33 फुटांची. 33 गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा. साखळी वापरून वापरून एक इंचाने लांबली, तर एकरामागे गुंठ्याचा पाचवा भाग इकडचा तिकडे होतो, सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात त्या याहून कमी जागेसाठी.

आणि या बाबतीत आपल्याला लांब जायला नको. शेजारच्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा प्रमुख. तो जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, दक्षिणेकडून मोजत मोजत इथवर आलेला. मद्रासजवळ 1802 मध्ये त्याने आपली पहिली पायारेषा मोजली, सुमारे साडेसात मैलांची, शंभर फुटी पोलादी साखळीने. साखळी उन्हाने लांबते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, सावली करून, शेजारी तापमापक लावून मोजली. आणि त्याच्याजवळ दुसरी साखळी होती, जिने मोजणी करायची नाही. वापरातली साखळी किती ताणली गेली हे तिच्याशी पडताळायचं. लॅम्बटनची मोजणी साम्राज्याच्या कामाची होती, लोकांच्या नव्हे, हे खरंच. पण मोजायला एक आणि पडताळायला एक, ही दोन साखळ्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. आपल्या गँगच्या पेटीत दुसरी साखळी आहे का, एवढं मला विचारायचं आहे.

नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडायच्या आधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याने बांधलं त्यानेच पास करू नये म्हणून. ही पद्धत चांगली आहे. पण ती पहिल्या दिवसाची परीक्षा. काळ्या मातीवरचा मार्ग पहिल्या दिवशी जवळपास नेहमीच चांगला असतो. त्याची खरी ओळख दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेल्यावर होते. उन्हाळ्याचं आणखी एक प्रकरण आहे. एक किलोमीटर मोकळा रूळ 40 अंशांनी तापला तर 46 सेंटिमीटर लांबेल. सलग जोडलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते, तो ती ताकद आत दाबून धरतो. त्यात एखाद्या जागी आधीच थोडं वाकण असेल तर दुपारी तिथून तो बाजूला फेकला जातो. थंडीत मोजलेलं 3 मिलिमीटरचं वाकण म्हणूनच मेमध्ये क्षुल्लक राहत नाही.

म्हणून मला एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांमधला फरक जास्त बोलका वाटतो. मेअखेर एक फेरी आणि सप्टेंबरअखेर एक, त्याच यंत्राने, त्याच दिशेने, दोन्ही वेळा आधी साच्यावर तपासून. ज्या 200 मीटरमध्ये पीळ वाढला तिथे वर खडी टाकून आणि ती ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन फिरवून भागणार नाही. तिथे गटार बघा, मोरी बघा, भरावातलं पाणी कुठे अडतं ते बघा. लेसर माती बघत नाही, पण मातीने काय केलं त्याचं वर्षभराचं खातं तो ठेवू शकतो, आणि आपल्याकडे हे खातं पहिल्या पानापासून लिहायची संधी आहे. जुन्या मार्गांना ती मिळाली नाही.

शेवटी इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका. त्याची गरजही नाही. कॉलेजच्या मागे किंवा कोणाच्या वावराच्या कडेला काळी जमीन मिळेल. तिथे पाच-पाच मीटरवर लोखंडी खुंट्या अर्धा मीटर खोल ठोका, एक नालीजवळ, एक झाडाजवळ, एक उघड्या रानात. लेव्हलचं यंत्र तुमच्या प्रयोगशाळेत आहेच. दर महिन्याला प्रत्येक खुंटीच्या डोक्याची उंची घ्या आणि शेजारच्या खुंट्यांमधला फरक मांडा. उंची ज्या खुणेपासून मोजाल ती खूण मात्र काळ्या मातीत गाडू नका, नाही तर तीही खुंट्यांबरोबर वर-खाली होईल आणि वहीत सगळं स्थिर दिसेल. मुरूम लागेपर्यंत खणा, मुरमाच्या खाली काळा दगड लागला तर उत्तम, त्यात सळई बसवा, आणि तिच्याभोवती मोकळा पाइप ठेवा म्हणजे फुगणारी माती तिला धरून ओढणार नाही.